एकट्यात विचारलं का?

डॉक्टरांनी पेनचं टोपण टेबलाच्या काचेवर टक् करून आपटलं आणि सिस्टरनं 'विचारलं' हे बटण दाबलं. प्रिंटर कुरकुरला, औषधाची चिठ्ठी बाहेर आली आणि समोरच्या खुर्चीतला माणूस ती घेऊन उठला. झोप लागते का, तोंड कोरडं पडतं का, गोळ्या चुकवत नाहीस ना, एवढं त्याला विचारून झालं होतं. पण पडद्यावरच्या चौकटीत जे विचारायला सांगितलं होतं, ते मात्र कोणी विचारलं नव्हतं.

मनोविकार विभागात त्या चौकटीला सगळे 'सासूबाई' म्हणायचे. गेल्या वर्षी एक बाई इथून गोळ्या घेऊन गेली आणि त्याच आठवड्यात तिनं स्वतःचं बरंवाईट करून घेतलं. चौकशी झाली. नियमाप्रमाणे प्रत्येक रुग्णाला दर खेपेला नातेवाइकांना बाहेर बसवून विचारायचं असतं की बाबा, जीव नकोसा होतो का. त्या बाईला कोणीच विचारलं नव्हतं. डॉक्टरही माणूसच, गर्दीत विसरतो, तेव्हा आठवण करून द्यायचं काम संगणकाकडे द्यावं असं वरच्यांनी ठरवलं. तेव्हापासून चिठ्ठी छापायच्या आधी पडद्यावर चौकट उघडायची: 'जीव नकोसा होतो का, हे रुग्णाला एकट्यात विचारलं का?' खाली दोन बटणं, 'विचारलं' आणि 'नंतर विचारीन'. 'नंतर' दाबलं की सासूबाई तेवढ्यापुरत्या जायच्या आणि पुन्हा येऊन उभ्या राहायच्या. 'विचारलं' म्हटल्याशिवाय चिठ्ठी काही निघायची नाही.

सुरुवातीचे काही महिने डॉक्टरांनी खरोखर विचारलं. एरवी खणखणीत आवाजाचा माणूस, पण हा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज एकदम खाली यायचा. आणि गंमत बघा, गंमत कसली म्हणा, लोक 'हो' म्हणायला लागले. कोणाला वाटलं नव्हतं इतके लोक 'हो' म्हणाले. 'हो' म्हणालेल्या माणसाला 'बरं, पुढचा नंबर' असं सांगता येत नाही. त्याच्यासमोर बसावं लागतं. मग बाहेर रांग फाटकापर्यंत जायची, भांडणं व्हायची, औषधाची खिडकी बंद व्हायची आणि लांबून आलेली माणसं गोळ्यांशिवाय परत जायची. अशाच एका दिवशी डॉक्टर म्हणाले, "याला मागच्या खेपेला विचारलंय, सिस्टर," आणि त्यांनी टोपण काचेवर आपटलं. पुढे नुसतंच टोपण राहिलं. असं करायचं म्हणून कोणी ठरवलं नव्हतं. डॉक्टरांना टंकलेखन जमत नसल्यामुळे संगणक सिस्टरच्या हातात होता, त्यामुळे टोपण त्यांचं आणि बोट हिचं अशी वाटणी आपोआप झाली.

सिस्टरला याचं काही वाटत नव्हतं असं नाही. पण वाटून घेतलेली गोष्ट अंगाला कमी टोचते. शिवाय डॉक्टर वाईट नव्हते, हे ती शपथेवर सांगू शकली असती. इतकी वर्षं त्यांच्या बाजूच्या खुर्चीत बसून तिनं पाहिलं होतं.

त्या दिवशी सकाळी वरच्या कार्यालयातून एक चौकट आली होती, ही मात्र लाकडी. आत सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं की सूचनांचं पालन करण्यात हा विभाग पहिला आला. नंबर पुकारणाऱ्या मावशींनी ती पदरानं पुसली आणि कॅलेंडर काढून त्याच खिळ्याला अडकवली.

"सासूबाई खूश झाल्या म्हणायच्या," डॉक्टर म्हणाले.

"सासू खूश झाली की समजावं काहीतरी लपलंय," मावशी म्हणाल्या आणि सिस्टर हसली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी पुढचा केसपेपर ओढला.

थोड्या वेळानं मागच्या दारावर टकटक झाली आणि सिस्टरचा धाकटा भाऊ आत आला. तो वजनकाटे दुरुस्त करायचा. बायको गेल्यापासून, म्हणजे दोनेक वर्षं, इथल्याच गोळ्या घेत होता. आई गेल्यावर सिस्टरनंच त्याला लहानाचा मोठा केला होता, स्वतःच्या लग्नाचा विषय बाजूला ठेवून, आणि आता तो पुन्हा तिच्याकडेच राहायला आला होता. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान पहिल्यापासूनच होतं. स्टाफचा माणूस म्हणून त्याला कधी रांगेत उभं राहावं लागलं नाही. नंबर नाही, बाक नाही. मागच्या दारानं यायचं, ताईच्या शेजारच्या स्टुलावर टेकायचं आणि चिठ्ठी घेऊन जायचं. रुग्णाच्या खुर्चीत तो कधीच बसला नव्हता. तिथं बसवणं सगळ्यांनाच जरा कसंतरी वाटलं असतं.

"काय म्हणता? कसं चाललंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"चाललंय."

"झोप?"

"लागते."

"जेवण?"

"ताई समोर बसून वाढते. न जेवून जातो कुठे?"

डॉक्टर हसले. सिस्टरला तेवढ्यानं हुरूप आला. "हल्ली पुष्कळ बरा आहे, डॉक्टर. या आठवड्यात आख्खं दुकान आवरलं यानं. इतकी वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते, टेबलाची फळी म्हणून दिसायची नाही. आता बघा, लख्ख."

"वा. म्हणजे गोळ्या लागू पडल्या."

भाऊ आपल्या हातांकडे बघून जरासा हसला. सिस्टरनं गोळ्यांची नावं भरली आणि सासूबाई आल्या.

डॉक्टरांनी चौकटीकडे पाहिलं, मग सिस्टरकडे, आणि मग खाली टेबलाकडे. टोपण त्यांच्या बोटात होतं, पण ते हललं नाही. बहिणीसमोर भावाला असलं काही विचारायचं कसं, आणि बहिणीला तिच्याच खोलीतून बाहेर जा म्हणायचं तरी कसं? त्यांनी आपल्या परीनं सभ्यपणाच केला. सिस्टरनं 'मी जरा पाणी पिऊन येते' म्हणून उठायचं, एवढंच करायचं होतं. वाक्य अगदी तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्या वाक्यामागे दुसरंच काहीतरी उभं होतं. मी बाहेर गेले आणि हा 'हो' म्हणाला तर? 'हो' म्हणून बाहेर आलेल्या माणसांचे चेहरे तिनं पाहिले होते. तिनं त्यांना पाणी दिलं होतं. त्या चेहऱ्यांमध्ये तिला आपला भाऊ नको होता.

टोपण वाजलंच नाही. सिस्टरनं आपणहून 'विचारलं' दाबलं.

भावानं चिठ्ठी घेऊन घडी केली, खिशात ठेवली. उठताना स्टूल उचलून टेबलाखाली नीट सारून ठेवलं. असलं काही करायची त्याला सवय नव्हती.

"संध्याकाळी लवकर येते रे," सिस्टर म्हणाली.

"ये," तो म्हणाला आणि मागच्या दारानं निघून गेला.

दुपार कलली तसा टोपणाचा वेग वाढला. रांगेच्या शेवटाकडे एक नवराबायको आली. नवरा निवृत्त पोस्टमन, गप्पच होता. बोलत होती ती बायको. "आता छान शांत असतात हो डॉक्टर. आधी नुसती चिडचिड. आता आपणहून कपाट आवरलं. सायकल शेजारच्याला देऊन टाकली, म्हणाले मला आता लागत नाही. मला तर बाई इतकं बरं वाटलं, एवढ्या दिवसांनी हात चालवले म्हणून."

डॉक्टरांचा हात टोपणासकट वर गेला होता. तो तसाच थांबला. त्यांनी पेन हळूच खाली ठेवलं.

"सिस्टर, यांना घेऊन जरा बाहेर बसा," ते म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांचा आवाज तसा खाली आला होता. "जाताना दार ओढून घ्या."

बाहेर बाकावर बसल्यावर पोस्टमनच्या बायकोनं सिस्टरचा हात धरला. "काय झालं हो? मी काही वेडंवाकडं बोलले का?"

"नाही, नाही," सिस्टर म्हणाली. पण त्या बाईचे शब्द तिच्या कानात फिरत होते आणि फिरता फिरता त्यांना तिचा स्वतःचाच आवाज लागत होता. आवरलं. लख्ख. बरं वाटलं. संगणकावर ही चौकट बसवली तेव्हा सगळ्यांना समजावून सांगितलं होतं की एकाएकी शांत झालेल्या माणसाकडे, वस्तू वाटून टाकणाऱ्याकडे, मागची कामं निपटून मोकळा होणाऱ्याकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्या. नव्या मुलींना ते तिनंच घोकून घेतलं होतं.

तिनं भावाला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"काय झालं सिस्टर? चेहरा का असा पडलाय?" मावशींनी विचारलं.

"मी घरी जातेय. डॉक्टरांना सांगा."

"अहो, पण अजून नंबर राहिलेत..."

"सांगा मावशी."

बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली, तरी ती उभीच राहिली. बसलं तर पोचायला उशीर होईल असं तिला वाटत होतं. मनातल्या मनात ती त्याला रागावत होती, लहानपणी रागवायची तशी. कुठे उंडारतोस, फोन उचलायला काय होतं, असं. रागावत राहिलं की तो आहे असं धरून चालता येत होतं.

घराचं पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. ते ढकलून ती आत शिरली. तो होता. रिकाम्या टेबलाशी खुर्चीत बसला होता. सिस्टर तिथंच उंबऱ्यावर बसली.

"अगं, काय झालं?" तो म्हणाला.

"फोन का उचलत नाहीस?"

"आतल्या खोलीत राहिला."

तिनं खोलीभर पाहिलं. भिंतीवरचे सगळे आकडे रिकामे होते. एरवी तिथं दुकानदारांच्या नावांच्या चिठ्ठ्या बांधलेले काटे, पारडी, दांड्या लटकलेल्या असायच्या. पाने, पक्कड, कानशी पुसून एका डब्यात ठेवल्या होत्या. टेबलावर फक्त एक तबकडीचा काटा उरला होता, पांढरा रंग नव्यानं दिलेला, बरोब्बर शून्यावर उभा. आठवडाभर हेच बघून तिचं मन भरून येत होतं. आता तिला त्या खोलीत बसवेना.

ती उठली, दार लावून घेतलं आणि त्याच्यासमोर डब्यावर बसली. डॉक्टर कसं विचारतात हे तिनं अनेकदा ऐकलं होतं. तिनं तसाच आवाज खाली आणला.

"जीव नकोसा झालाय का रे तुला?"

त्यानं टेबलावरचा काटा जरा सरळ केला. मग म्हणाला, "सकाळी वाचलं मी ते."

"काय?"

"हेच. तुझ्या पडद्यावर होतं ना. स्टुलावरून सगळं दिसतं. एकट्यात विचारलं का, असं. मी म्हटलं, आता तू उठशील बाहेर जायला. मग ते विचारतील. काय सांगायचं ते मी मनात जुळवत होतो." त्याच्या आवाजात राग नव्हता, काटा कुठे बिघडलाय ते गिऱ्हाइकाला सांगावं तसा तो सांगत होता. "तेवढ्यात तू बोट ठेवलंस आणि माझ्या नावापुढे आलं, विचारलं म्हणून. मला वाटलं, ठीक आहे. म्हणजे विचारून झालं."

सिस्टरला रडू आलं आणि ते तिनं आवरलं नाही. "चुकलं माझं," ती म्हणाली.

"तुझं काय चुकलं त्यात? रांग केवढी होती."

त्यानं तिला ओरडून दोष दिला असता तर बरं झालं असतं. तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी आता विचारतेय. आता सांग."

"हो," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"ती गेल्यापासून, अधूनमधून. आता रोजच. सकाळी उठलं की आधी तेच."

"आणि हे सगळं आवरलंस ते..."

"लोकांच्या वस्तू आहेत, ताई. माझ्यामागे बिचारे कुणाला विचारत फिरणार? सगळे काटे ठाकठीक करून पोचवले. हा एकच राहिला. तो दुकानदार मुलीकडे गेलाय, दुकानाला कुलूप आहे. परत आलो की फोन करतो म्हणाला." त्यानं काट्याच्या पारड्यावर बोट ठेवलं. सुई हलली आणि बोट काढताच पुन्हा जागेवर आली. "नाहीतर कालच दिला असता."

सिस्टर त्या काट्याकडे बघत राहिली. कोण कुठला दुकानदार, तिनं कधी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. तो लेकीच्या घरी दोन दिवस जास्त रमला म्हणून तिचा भाऊ तिच्यासमोर बसला होता. तिनं नाही, डॉक्टरांनी नाही, सासूबाईंनी तर नाहीच, त्या कुलपानं त्याला धरून ठेवलं होतं. रोज रात्री ती त्याला ताट वाढत होती आणि सगळं कळतं अशा थाटात झोपायला जात होती.

तिनं डॉक्टरांना तिथूनच, त्याच्यासमोरच फोन केला. सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "सकाळी टोपण वाजलं नव्हतं डॉक्टर. मी तशीच दाबून मोकळी झाले."

"मी तरी कुठे विचारलं?" डॉक्टर म्हणाले. "आज रात्री त्यांना एकटं सोडू नका. गोळ्या तुमच्याजवळ ठेवा. मध्ये काही वाटलं तर थेट मला फोन करा, वेळ बघू नका. सकाळी या, दार उघडायच्या आधीच घेतो."

"मागच्या दारानं नको आता," सिस्टर म्हणाली. "त्या दारामुळेच राहिलं सगळं. पुढच्या दारानं आणते. मी बाहेर बसेन."

फोन ठेवून तिनं टेबलावरचा काटा उचलला. "हा माझ्याकडे असू दे."

"तुला त्याचं दुकान ठाऊक नाही."

"नसू दे," ती म्हणाली. त्यानंही काटा परत मागितला नाही. त्या रात्री दोघं त्याच खोलीत अंथरूण टाकून पडले आणि दिवा तसाच ठेवला. मध्येच एकदा तो म्हणाला, "ती असताना टेबल इतकं भरलेलं असायचं, की चहाचा कप ठेवायला जागा नसायची." सिस्टर म्हणाली, "आठवतंय मला."

सकाळी साध्या साडीत, काट्याची पिशवी हातात घेऊन, सिस्टर विभागाच्या पुढच्या दारात उभी राहिली तेव्हा मावशींनी आधी तिला ओळखलंच नाही. "अगं बाई, सिस्टर? तुम्ही इकडून?"

"नंबर द्या मावशी."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या मागे उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलं, आणि काही न विचारता पहिला नंबर काढून दिला. दार उघडलं. भिंतीवरची सोनेरी अक्षरं क्षणभर दिसली. तिच्या खुर्चीत आज नवी सिस्टर बसली होती, तिलाही डॉक्टरांनी बाहेर पाठवलं. भाऊ आत गेला आणि पहिल्यांदाच रुग्णाच्या खुर्चीत बसला. मग डॉक्टरांनी स्वतः उठून दार लावलं.

सिस्टर बाकावर बसली. पिशवीतून काटा काढून तिनं मांडीवर घेतला, कारण पिशवीत पारडं वाकेल अशी तिला भीती वाटली. रांग वाढत गेली. बाकावरून दार किती जाड दिसतं हे तिला आजवर माहीत नव्हतं. काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं, तरी ती कान देऊन होती. इतका वेळ जात होता, म्हणजे तो बोलत असणार. पुढे काय होणार, त्याला इथंच ठेवून घेतील का, ठेवलं तर तो राहील का, यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"काय हो, एका माणसाला इतका वेळ?" मागून कोणीतरी कुरकुरलं. "आम्हाला कामधंदे नाहीत का?"

असल्या माणसांना गप्प बसवण्यात सिस्टरची हयात गेली होती. आज तिनं नुसतं मागे वळून पाहिलं. "लागतो वेळ," ती म्हणाली.

तेवढ्यात, भावानं आत जाताना तिच्या पिशवीत ठेवलेला त्याचा फोन वाजला. तिनं उचलला. पलीकडे एक म्हातारा, खुशीतला आवाज होता.

"आलो बरं का मी गावाहून. दुकान उघडून बसलोय. आमचा काटा झाला का?"

सिस्टरनं मांडीवर पाहिलं. तिचा हात पारड्यावर होता आणि सुई शून्यापासून जराशी सरकली होती.

"नाही झाला अजून," ती म्हणाली.

"असं? मग कधी मिळेल?"

तिनं समोरच्या बंद दाराकडे पाहिलं.

"आत्ता काही सांगता येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही उद्या पुन्हा फोन करा. आणि परवाही करा."